माऊलीचं परमिट

प्रभूच्या डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटात लोहचुंबक आहे. मसुराच्या डाळीएवढी चकती, वर सोन्याचा मुलामा, त्यावर आणखी एक पातळ थर. बाहेरून पाहिलं तर कातडीखाली बारीक फुगवटी दिसते, इतकंच. नव्या माणसाला ती जुनी गाठ वाटते.

प्रभू सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावचा झिरो वायरमन. झिरो म्हणजे वीज कंपनीच्या कुठल्याही कागदावर ज्याचं नाव नसतं आणि पोलवर मात्र जो चढतो तो. त्याचा थोरला भाऊ माऊली हाही झिरोच होता. चुंबक बसवण्याच्या पावणेदोन वर्षं आधी, मार्च महिन्यात, साखऱ्याच्या शिवारात तो पोलवर असताना तारेत वीज आली.

ती कशी आली हे प्रभूला नीट माहीत होतं. पोलवर चढण्याआधी माळवाडीच्या सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घ्यायची, याला परमिट घेणं म्हणतात. ऑपरेटर वहीत नाव, ठिकाण आणि वेळ लिहितो. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच फोन करून ‘उतरलो’ असं सांगायचं. मग शेवटचा रकाना भरला जातो आणि लाईन सोडली जाते. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावर सोडायची नाही.

माऊलीनं अकरा वाजून दहा मिनिटांनी परमिट घेतलं. अकरा पस्तीसला ज्ञानबानं सबस्टेशनला फोन केला. ज्ञानबा साखऱ्याचा शेतकरी, गावचा भजनी. त्याची मिरची पाण्यावाचून मान टाकत होती. तो लहानथोर सगळ्यांना माऊली म्हणतो. या भागात अर्धी माणसं म्हणतात. तो म्हणाला, “माऊली, सोडा की लाईन आता.” ऑपरेटर प्रेमदास ज्याच्या फोनची वाट पाहत होता त्याचं नाव त्याच्या कानावर पडलं. त्यानं लाईन सोडली.

चौकशीत दोघांनीही खरं सांगितलं आणि दोघांचंही खरं निघालं. त्यानंतर प्रेमदास फोनवर आधी बापाचं नाव विचारू लागला. ते ऐकल्याशिवाय तो वहीला हात लावत नसे.

प्रभूनं काम सोडावं असं त्याच्या बायकोचं, रागिणीचं म्हणणं होतं. प्रभूला दुसरं काम येत नव्हतं. पण दुसऱ्याच्या कानावर जीव टांगून चढायचं नाही, हे त्यानंही ठरवलं होतं. बोटात चुंबक बसवणाऱ्या माणसांचा एक व्हिडिओ त्यानं मोबाईलवर पाहिला. वाहती वीज जवळ आली की चुंबक कातडीखाली थरथरतो आणि माणसाला ते कळतं, असं त्यात सांगितलं होतं. त्यानं तो व्हिडिओ महिनाभरात पुन्हा पुन्हा पाहिला आणि चुंबक ऑनलाईन मागवला.

टेस्टर घेऊन फिरा की, असं रागिणी म्हणाली. टेस्टर पिशवीत राहतो, बोट घरी राहत नाही, असं त्यानं उत्तर दिलं. मग तिनं एकच अट घातली.

“ज्या दिवशी बोट खोटं बोलंल, त्या दिवशी खाली उतरायचं. परत चढायचं न्हाई.”

प्रभूनं कबूल केलं.

नांदेडला मोहनसिंग नावाचा माणूस गोंदण्याचं आणि कान-नाक टोचण्याचं दुकान चालवतो. त्यानं प्रभूचं बोट बर्फात धरलं, ब्लेडनं बाजूनं चीर दिली, चकती आत सरकवली आणि दोन टाके घातले. त्याला चार मिनिटं लागली. प्रभूनं दात आवळून भिंतीवरच्या विंचवाच्या चित्राकडे पाहिलं. पट्टी बांधताना मोहनसिंगनं विचारलं की हे कशासाठी. प्रभूनं सांगितल्यावर तो थांबला.

“बहता करंट बोलेगा, भाई. खड़ा करंट चुप रहता है. पाईप में पानी भरा हो और नल बंद हो, तो आवाज आती है क्या?”

प्रभू म्हणाला, मला माहीत आहे. त्याला खरंच माहीत होतं.

जखम भरायला पाच आठवडे लागले. मग बोट बोलू लागलं. घरातल्या मीटरपाशी मुंग्या आल्यासारखं व्हायचं. पिठाच्या गिरणीपाशी मनगटापर्यंत घुमायचं. डीपीखाली, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिलं की बोट गांधीलमाशी कोंडल्यासारखं गुणगुणायचं. कुठली मोटर चालू आहे, कुठल्या भिंतीतून वायर गेली आहे, हे तो हात फिरवून सांगायचा. शेजारच्या पंचफुलाबाई शिवणकाम करतात. त्यांची सुई हरवली की त्या हाक मारायच्या, “प्रभू, तुजं बोट उसनं दे रे जरा. तू न्हाई आलास तरी चालंल.”

तारेला हात घालण्याआधी तिच्यावर साखळी टाकून ती जमिनीला जोडायची पद्धत आहे. वीज असेल तर तिथंच ठिणगी पडते. प्रभूची साखळी सहा किलोची होती. एप्रिलपासून ती घरी दाराआड राहू लागली.

जुलैत एका सकाळी सव्वासातच्या सुमाराला सगळ्या जिल्ह्यात जमीन हलली. भांडी पडली, माणसं अंगणात आली. इकडे असे धक्के नवे नाहीत. त्याच दिवशी अकराच्या सुमाराला प्रभू साखऱ्याच्या रस्त्यानं जात होता. ज्या लोखंडी पोलवर माऊली गेला, त्याच्या बाजूनं जाताना त्याच्या बोटात काहीतरी ठोकलं. तीनदा. मग थांबलं. मग पुन्हा तीनदा.

वीज अशी लागत नाही. वीज गुणगुणते, ठोकत नाही. शिवाय त्या आठवड्यात शेतीच्या लाईनला रात्रपाळी होती आणि दिवसभर तारा कोरड्या होत्या. प्रभूनं सबस्टेशनला विचारून खात्री केली. मोबाईलवरचं होकायंत्र पोलपाशी धरलं. ठोके पडताना काटा हलला नाही. तो दहा पावलं मागं गेला. ठोके थांबले. पुढं आला. सुरू झाले.

चढण्याआधी माऊली पकडीच्या मुठीनं पोलवर तीन ठोके द्यायचा. पोकळ पोलात गांधीलमाश्यांचं पोळं असलं तर आधीच उठावं म्हणून. इतर वायरमन एकदा ठोकतात किंवा ठोकतच नाहीत.

प्रभूनं हे घरी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी तो परत गेला तेव्हा त्या पोलपाशी बोट गप्प होतं. ठोके पुढच्या पोलपाशी लागले. आणखी चार दिवसांनी त्याच्या पुढच्या. त्यानं डायरीत पोल आणि तारखा लिहायला सुरुवात केली. ऑगस्टच्या मध्यापर्यंत नऊ पोल झाले. चार दिवसाला एक पोल, यात एकदाही चूक झाली नाही.

त्याच सुमाराला त्याला एका शेतात चालू मोटरची वायर शोधायची होती. शेजारच्याच पोलवर ठोके होते. त्या ठोक्यांखाली विजेची गुणगुण त्याला लागलीच नाही. वायर जिवंत होती. टेस्टरनं सांगितलं म्हणून तो वाचला. घरी येऊन त्यानं रागिणीला सगळं सांगितलं, कारण अट तिची होती.

ती दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर पोलपाशी आली आणि त्याचं बोट आपल्या मुठीत धरून उभी राहिली. पोलला कान लावला तर तिला काही ऐकू आलं नाही. पण मुठीतलं बोट तीनदा हललं. ती म्हणाली की हे तुमीच करून राहिले. मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि परत तसं म्हणाली नाही.

“आता खोटं बोललंच की हे,” ती म्हणाली.

प्रभूनं नवरात्रापर्यंतची मुदत मागितली. माऊलीच्या पोलपासून माळवाडीच्या सबस्टेशनपर्यंत तेवीस पोल आहेत. त्याच्या हिशेबानं ठोके चौथ्या माळेला तिथं पोचणार होते.

आई मंजुळाबाई चुलीपाशी हे ऐकत होत्या. दादा घरी येत असेल, असं प्रभू त्यांना म्हणाला. त्यांनी भाकरी उलटली.

“घराचा रस्ता इकडं हाय. तो तिकडं काहून जाईल?” त्या म्हणाल्या. “काम पुरं केल्याबिगर माजं लेकरू कदी घरी आलं न्हाई. उतरलो म्हणून सांगायचं राहिलं त्याचं.”

चौथ्या माळेला सकाळी प्रभू सबस्टेशनला गेला. फाटकाच्या आतल्या पहिल्या पोलपाशी बोट ठोकू लागलं. खोलीत शिरल्यावरही ते थांबलं नाही. पोलपासून इतक्या लांब ते आजवर कधी लागलं नव्हतं.

प्रेमदास पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. प्रभूनं जुनी परमिटची वही मागितली. ती कशाला, हे त्यानं विचारलं नाही. वही चौकशीहून परत आल्यापासून त्यानं ती कपाटात वेगळी ठेवली होती. त्या दिवसाच्या पानावर सात ओळी होत्या. सहांचा शेवटचा रकाना भरलेला होता. माऊलीच्या ओळीचा कोरा होता.

“साहेब म्हणले होते, काही तरी लिहून टाका,” प्रेमदास म्हणाला. “मला लिहवलं न्हाई. ज्याचं परमिट त्यानंच सांगायला पायजे ना.”

प्रभूनं डावा हात त्या पानावर ठेवला. प्रेमदासला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं पेन घेतलं आणि फोनवर विचारतो तसं विचारलं.

“कोण बोलतं?”

“माऊली,” प्रभू म्हणाला.

“बापाचं नाव?”

“संतराम.”

“उतरलात का?”

वहीच्या कडेबाहेर, टेबलावरच्या पत्र्यावर प्रभूचं बोट आपटलं. एक, दोन, तीन. आवाज दोघांनीही ऐकला. प्रेमदासनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कोऱ्या रकान्यात अकरा वाजून बावीस मिनिटं अशी वेळ लिहिली.

ठोके थांबले. बाहेर आल्यावर यार्डातला मोठा ट्रान्सफॉर्मर बोटात नेहमीसारखा घुमला. घरी मीटर, गिरणी, डीपी, सगळं पहिल्यासारखं लागत होतं. प्रभूनं तीन आठवडे रोज तपासलं. तेवीसही पोल पायी फिरून पाहिले; कुठंच काही नव्हतं. रागिणीनं स्वतः त्याला चार वायरी लपवून दिल्या. त्यानं चारही ओळखल्या. बोट खरं बोलतंय, हे तिनं मान्य केलं. साखळी मात्र बरोबर न्यावी असं तिनं दोनदा सांगितलं. बोट हाय की, असं तो दोन्ही वेळा म्हणाला.

दिवाळीनंतर आठ दिवसांनी ज्ञानबाच्या विहिरीपलीकडची डीपी जळाली. कंपनीनं ती उतरवून नेली. नवी येण्याआधी वरच्या तारा मोकळ्या करून ठेवायच्या होत्या. तो लाईनीचा शेवटचा पोल. तिथून पुढं तार नाही.

प्रभूनं दहा वाजून पाच मिनिटांनी सबस्टेशनला फोन केला. नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, परमिट घेतलं. पोलवर एक ठोका दिला आणि चढला. ऊन सौम्य होतं. खाली हरभरा नुकता उगवून वर आला होता. वर पोचून त्यानं पट्टा अडकवला आणि डावा हात तारेच्या दिशेनं हळूहळू नेला. बोट गप्प होतं. एक वीत राहिली तरी गप्प होतं.

पकड काढायला त्यानं खाली पाहिलं. डीपीचा रिकामा चौथरा दिसला.

तो तिथंच थांबला. डीपी नाही म्हणजे या तारेतून वाहत जायला पुढं काही नाही. लाईन बंद असो की चालू, या पोलवर वीज वाहणारच नाही. असली तर उभी असेल. आणि उभ्या विजेपुढं हे बोट गप्पच राहणार. त्याला हे नांदेडला माहीत होतं. बोट बोलू लागल्यापासूनच्या नऊ महिन्यांत तो ते विसरला होता.

त्यानं हात मागं घेतला. जितका सावकाश नेला होता त्याहून सावकाश घेतला. मग खाली उतरला आणि चौथऱ्यापाशी बसून सबस्टेशनला फोन लावला. लाईन बंदच आहे ना, एवढंच त्यानं विचारलं.

प्रेमदास म्हणाला की सोडून दहा मिनिटं झाली.

“कुणाच्या सांगण्यावर?”

“तुमच्याच की. तुमच्याच नंबरवरून फोन आला. ‘माऊली, उतरलो’ म्हणले तुमी.”

प्रभूनं मान वर करून पोलकडे पाहिलं.

“मी बापाचं नाव बराबर विचारलं, प्रभू. संतराम म्हणून सांगितलं. मला वाटलं तुमी मलाच माऊली म्हणून राहिले.”

प्रभूनं फोन कानापासून दूर धरून पाहिला. दहा पाचचा एक फोन आणि आत्ताचा एक. मधे काही नव्हतं. वर तार ताठ होती, तिच्यावर एकही पाखरू नव्हतं. बोट अजून गप्प होतं.

पलीकडं प्रेमदासला आपण काय बोललो ते उमगलं असावं, कारण त्याचा श्वास ऐकू येऊ लागला. मग त्यानं विचारलं की आता वहीत काय लिहू.

“लिहा,” प्रभू म्हणाला. “संतरामचं कुणीच पोलवर न्हाई आता. दोघं बी उतरले. याच्यानंतर त्या नावानं कुणाचा बी फोन आला, तर घेऊ नका.”

प्रेमदासनं वेळ विचारली. प्रभूनं सांगितली.