भिंतीला साखरपाणी

फिनेलच्या वासाने बाबांची छाती भरते. आई गेल्यापासून ते एकटेच राहत होते आणि मी लाख मिनतवाऱ्या केल्या तरी आमच्याकडे कायमचे यायला तयार नव्हते. शेवटी म्हणाले, "थोडे दिवस राहून बघतो. दम लागला नाही तर राहीन." मग काय, मी कंबर कसली.

घरातल्या फिनेलच्या, ॲसिडच्या सगळ्या बाटल्या हद्दपार झाल्या. त्यांच्या जागी आलं माझं घरगुती द्रव्य, लिंबाच्या साली साखरेच्या पाण्यात महिनोन्महिने मुरवून केलेलं. इमारतीतल्या बायकांना मी त्यावर भाषणही ठोकलं होतं, कुणी मागितलं नसताना. खरं तर ते चमचाभर घेऊन बादलीभर पाण्यात मिसळायचं आणि नंतर जागा पुसून कोरडी करायची. पण बाबांच्या खोलीसाठी चमचे कसले मोजायचे? मी ते घट्टच्या घट्ट फवाऱ्यात भरलं आणि भिंतींवर, कपाटामागे, पलंगाखाली सढळ हाताने मारलं. पुसलं नाही. पुसलं तर गुण निघून जाईल, असं माझं शास्त्र.

नवरा दारात उभा राहून बघत होता. "खोली साफ करतेस की मुरवतेस?"

"तुला काय कळतंय त्यातलं!" मी म्हटलं.

त्यातून आमच्याकडची हवा. मिठाला पाणी सुटतं, टॉवेल वाळता वाळत नाही. अशा हवेत धूळ नको म्हणून मी खोलीच्या खिडक्याही घट्ट लावून घेतल्या. किती हुशार मी!

बाबा आले. सुरुवातीला बरे होते, मग खोकायला लागले. धूळच असणार, असा निकाल देऊन मी सकाळ-संध्याकाळ फरशी पुसायला सुरुवात केली. ओली फडकी त्यांच्याच खुर्चीच्या पाठीवर वाळत टाकायची. खोकला वाढला की मी फडक्याचा वेग वाढवायची. त्या दिवसांत आमच्या दोघांचं बोलणं म्हणजे "बाबा, पाय वर घ्या," एवढंच.

एके सकाळी बघते तर ते कपडे घड्या करून बॅगेत भरत होते.

"तुझं काही चुकलं नाही गं," ते धापा टाकत म्हणाले. "माझी छातीच जुनी झालीय."

मला रडूच आलं. एवढी घासपूस करून माणूस परत चालला होता, त्या रिकाम्या घरात, आणि दोष स्वतःच्या छातीला देत होता.

त्यांची एक चप्पल कपाटामागे गेली होती. नवऱ्याने ती काढायला कपाट ओढलं. भिंतीवर हिरवी-काळी, लव आलेली बुरशी पसरली होती. तिच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती, शिस्तीत, सहकुटुंब.

बाबा हसायला लागले. हसता हसता खोकले, खोकून परत हसले. "अगं, भिंतीलाही पोटभर घातलंस की!"

"मीच केलं हे, बाबा," मी म्हटलं. नवरा बादली आणायला गेला. त्याने टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

बाबांना बाहेरच्या खोलीत बसवलं. आम्ही तोंडाला रुमाल बांधून भिंत सोड्याच्या पाण्याने पुसली आणि लगेच कोरडी केली. कपाट भिंतीपासून हातभर पुढे घेतलं. ऊन आलं की खिडक्या उघडायच्या, नाहीतर पंखा चालू. फडकं पार पिळून, तेही एकदाच. माझा फवारा नवऱ्याने कुठे ठेवला, मी विचारलं नाही. संध्याकाळी मला काही कामच उरलं नाही, म्हणून मी बाबांशेजारी बसायला लागले. ते आईच्या गोष्टी सांगायचे. मधे खोकला येईनासा झाला.

बॅग मात्र पलंगाशेजारी भरलेलीच होती. मी रोज तिच्याकडे चोरून बघायची, विचारायचा धीर होत नव्हता.

मग एका दुपारी बाबा ती हातात घेऊन बाहेर आले.

"ही माळ्यावर टाक," ते म्हणाले. "कपडे कपाटात लावलेत. पण आधी उन्हात चांगली वाळव हं. तुझ्या घराचा काही भरवसा नाही."