बारीक अक्षरातली प्रस्तावना

माझी थोरली बहीण आयुष्यभर प्रसूतिगृहात परिचारिका होती. कितीएक जिवांना या जगातला पहिला स्पर्श तिच्या हातांचा झाला, आणि निवृत्तीनंतर त्या आठवणी तिने लिहून काढल्या. एव्हाना तिची दृष्टी मंदावत चालली होती. जी उरली आहे तीही फार काळ टिकणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आपले पुस्तक आपल्या डोळ्यांनी एकदा अथपासून इतिपर्यंत वाचावे, एवढीच तिची इच्छा होती. म्हणून तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, संगणकावर पुस्तकाची पाने लावताना अक्षर चांगले ठसठशीत ठेवले होते.

प्रस्तावनेचे काम मला कोणी दिले नव्हते; ते मी घेतले. संस्कृत शिकवण्यात हयात घालवलेल्या मनुष्याला दुसऱ्याच्या ग्रंथाच्या दारात उभे राहून चार शब्द बोलण्याचा मोह आवरत नाही, आणि माझे चार शब्द चारांत कधी संपत नाहीत. शिवाय उतारवयात मीही पाने लावायला शिकलो होतो, आणि ही गोष्ट घरात कोणाला विसरू देत नव्हतो. तेव्हा प्रस्तावना मीच माझ्या वेगळ्या फाइलमध्ये लावली. अक्षर बारीक ठेवले. विद्वत्तेला बारीक अक्षर शोभते, असा माझा समज.

आता दोन्ही फाइली एकत्र करायच्या होत्या. कामावरून आल्यावर मी करते, असे भाची सांगून गेली होती. पण एवढ्यासाठी तिला कशाला शीण, असे म्हणून मी सरसावून बसलो. कोणाच्या फाइलमध्ये कोणाची पाने आणायची, एवढाच प्रश्न होता. प्रस्तावना आधी, ग्रंथ नंतर. अर्थात माझी फाइल यजमान आणि ताईची पाहुणी. हा निवाडा करायला मला क्षणही लागला नाही.

पाने ओढून आणताच पडद्यावर एक चौकट उमटली. अक्षराचा आकार आणि ओळींमधले अंतर ठरवणाऱ्या नियमाला दोन्ही फाइलींत ‘मजकूर’ हेच नाव आहे, तेव्हा सर्व पानांना या फाइलीतला नियम लागू होईल, चालेल का, अशी तिची पृच्छा होती. मी ती सावकाश वाचली. पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत पाळावी, यात गैर ते काय? मी अनुमती दिली.

ताईचे ठसठशीत अक्षर बघता बघता माझ्याइतके बारीक झाले. पुस्तक आटले, आणि मला ते फार सुबक दिसले. छापलेली प्रत मी तिच्या हाती ठेवली.

तिने ती खिडकीपाशी नेली. मग डोळ्यांजवळ धरली. मग भिंग मागितले. मी स्तुतीची वाट पाहत उभा होतो.

“पंडित,” ती म्हणाली. मला चिडवायचे असले की ती हेच म्हणते. “औषधाच्या खोक्यात घडी घालून एक कागद ठेवतात ना, तो वाचलायस कधी?”

“नाही बुवा.”

“कुणीच वाचत नाही. मला हेही वाचता यायचं नाही.”

एवढे बोलून तिने प्रत परत दिली. ती रागावली असती तर बरे झाले असते. मला वाद तरी घालता आला असता.

संध्याकाळी भाचीपुढे मी सगळे खापर यंत्राच्या माथी फोडू पाहिले.

“मामा, त्याने आधी विचारलं नाही?”

विचारले होते, हे मला कबूल करावे लागले. मग मीच तिला म्हटले, “आईची फाइल उघड. माझी पानं तिच्यात आण.”

“तुमची प्रस्तावना फुगेल हं.”

ती फुगलीच. बारीक अक्षरात जी गंभीर वाटत होती, ती मोठ्या अक्षरात नुसतीच लांब दिसू लागली.

नवी प्रत घेऊन ताई खुर्चीत बसली आणि तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली. माझी प्रस्तावना ती स्वतःच्या डोळ्यांनी प्रथमच वाचत होती. पूर्वी मी मोठ्याने वाचून दाखवली होती, तेव्हा तिने वरचेवर मान डोलावली होती. त्या डुलक्या होत्या, हे मला आता कळले. थोड्या वेळाने तिने पेन्सिल मागितली.

“जन्माचं महत्त्व म्हणे. अरे, पुढं अख्खं पुस्तक कशावर आहे?”

ते पान गेले. पुढचीही गेली. व्युत्पत्तींची तर तिने एका तिरक्या रेघेत बोळवण केली. मी मध्ये बोललो नाही, हे त्या दिवसाचे माझे एकमेव पांडित्य. अखेर एक परिच्छेद उरला. रात्रपाळी करून आलेली ताई माझे केस विंचरता विंचरता बसल्या जागी कशी झोपी जायची, आणि ती जागी होईपर्यंत मी डोके न हलवता कसा बसून राहायचो, एवढेच त्यात होते.

“हे राहू दे,” ती म्हणाली, आणि तिने पान उलटले.

पुढचे पान तिचे होते. तिने पेन्सिल मांडीवर ठेवली आणि ओळीखाली बोट धरले. मी काहीतरी म्हणालो, बहुधा भिंग हवे का असे. तिला ते ऐकू गेले नाही. तिचे ओठ हलत होते आणि बोट न अडखळता पुढे सरकत होते.