बदलीची बोट आणि हिरवी पाटी

मित्रांनो, मी एक जुनी फेरीबोट आहे. पण माझं नाव विचारू नका. आमच्या कंपनीच्या पाच बोटी. हिरवी दवाखान्याच्या धक्क्याला जाते, पिवळी बाजाराच्या, निळी शाळेच्या आणि तांबडी कारखान्याच्या. पाचवी मी. चौघींपैकी कुणी आजारी पडली की तिच्या जागी मला पाठवतात. मग बोटीचे दोर सांभाळणारी दोरमावशी माझ्या नाकाशी असलेल्या चौकटीत त्या बोटीच्या रंगाची पाटी अडकवते आणि तेवढ्यापुरती मी हिरवी होते, नाहीतर पिवळी. संध्याकाळी पाटी काढली की पुन्हा नुसती 'बदली'.

माझा जन्म नदीच्या वरच्या अंगाला एका सुतारखान्यात झाला. सुताराने माझ्या फळ्यांवरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "पोरगी चालायला जरा जड आहे, पण डगमगायची नाही." ते अगदी खरं ठरलं. लोक मात्र जडच तेवढं लक्षात ठेवतात. मी धक्क्याला लागले की कुणीतरी म्हणणारच, "आज ही आली का? झालं, पोचलो आपण!" हसू येतं, वाईटही वाटतं. उन्हाने माझा रंग उडाला, बाकांच्या कडा झिजल्या. रंगकाम निघालं की डबा चौघींतच संपायचा.

त्या दिवशी हिरवीचा तळ घासायला काढला होता, म्हणून सकाळपासून मी दवाखान्याच्या फेऱ्या केल्या. दुपारी हिरवी परत कामावर आली, आणि मी जरा टेकते न टेकते तोच पिवळीचं इंजिन बंद पडलं. चारची बाजाराची फेरी माझ्याकडे आली. धांदल उडाली. दोर सोडायचे, टोपल्या चढवायच्या. दोरमावशी एकटी, हात दोनच. माझ्या नाकावरची हिरवी पाटी तशीच राहिली.

चारच्या फेरीची माणसं रोजची. पाटीकडे बघतं कोण? बघितलं फक्त एका आजींनी. त्यांना वाचता येत नव्हतं. जावयाने निरोप धाडला होता: 'मुलगी झाली. हिरवी पाटी बघा आणि बसा. भेटायची वेळ पाचपर्यंत.' आजींनी हिरवी पाटी पाहिली, बसल्या. मांडीवर जुन्या साडीचं शिवलेलं दुपटं होतं, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं.

अर्धी नदी ओलांडल्यावर आजी शेजारच्या बेकरीवाल्याला म्हणाल्या, "दादा, दवाखान्याची पांढरी टाकी मागे का चाललीय हो?"

"आजी, ही बाजाराला जाते."

"अगं बाई! पाटी तर हिरवी आहे ना?"

"चढताना विचारायचं नाही का?" मागून एक जण म्हणाला. दोघं-तिघं हसले. आजींनी दुपटं छातीशी धरलं. "पहिलटकरीण आहे हो माझी," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसली असेल."

दोरमावशीने वाकून माझ्या नाकाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. तिला गप्प बसता आलं असतं. हसणाऱ्यांत सामील होणं तर त्याहून सोपं होतं. ती सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "त्यांचं काही चुकलं नाही. पाटी मी बदलली नाही. हसायचं तर मला हसा."

हसू तिथेच विरलं.

सुकाणूवाले काका घड्याळ बघून म्हणाले, "चार वीस. बाजाराला जाऊन दवाखान्याला पोचेपर्यंत सहा होतील. आत्ता वळलो तर पावणेपाचला दवाखाना. पण मग तुम्हा सगळ्यांना उशीर होणार. बोला."

काकांनी इंजिन मंद केलं. मी पाण्यावर नुसती तरंगत राहिले. इतक्या वर्षांत मी कुणाच्या उत्तराची अशी वाट पाहिली नव्हती.

शेवटी बेकरीवाल्याने टोपलीवरचं फडकं नीट केलं. "माझे पाव गार होतील."

"मग?"

"मग काय? गार पाव लोक रोजच खातात. वळवा की काका!"

मघा 'विचारायचं नाही का' म्हणणाऱ्याने तर आजींची पिशवीच उचलली. काकांनी सुकाणू फिरवलं. मित्रांनो, मी जड आहे ना, माझं वळण मोठं असतं. पण त्या दिवशी मी असं अलगद वळले, की आजींच्या मांडीवरच्या दुपट्याची घडीसुद्धा मोडली नाही.

पावणेपाचला आजी फळीवरून उतरल्या. जाता जाता त्यांनी माझ्या कडेवरून हात फिरवला, अगदी त्या सुतारासारखा. मग त्या वयात जमेल तितक्या झपाझप चालू लागल्या.

कंपनीच्या साहेबांनी जाब विचारला. काकांनी 'मी वळवली' म्हटलं, मावशीने 'मी चुकले' म्हटलं. साहेब म्हणाले, "यापुढे फेरी संपली की पाटी उतरवायची आणि नवी लावताना मोठ्याने सांगायची." आणि बाहेर पडता पडता, "त्या बदलीची चौकट तरी रंगवा रे. कुणाचं लक्षच जात नाही तिच्याकडे."

त्याला आता काही वर्षं झाली. परवा एक आजी, एक आई आणि एक चिमुरडी माझ्यात बसल्या. चिमुरडीच्या खांद्यावर तेच दुपटं, आता मळकं, एका कोपऱ्याला चघळलेलं. आजी तिला सांगत होत्या, "हीच ती. तुझ्यासाठी अर्ध्या नदीतून मागे फिरली होती."

हल्ली पाटी कोणत्याही रंगाची असो, धक्क्यावर लोक विचारतात, "आज आजींची बोट आहे का?"

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी छत्री असेल, कोपऱ्यात एखादी बदलीची खुर्ची असेल. अडल्यावेळीच तिची आठवण काढू नका, अधूनमधून तिच्यावरून हात फिरवा. आणि चुकीच्या बोटीत बसलेलं कुणी दिसलं, तर हसण्याआधी त्याला कुठे जायचंय तेवढं विचारा. वळायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ आपल्यापाशी असतो.