एकाच पॅनमधलं मीठ

मला एका जागी बसवत नाही, हे खरं आहे. आयुष्यभर मशीनवर बसून लोकांचे कपडे उसवले आणि परत शिवले, त्यातच माझा बसण्याचा वाटा संपला असावा. पण त्या दिवशी घरात कुणालाच बसवत नव्हतं. जावई सकाळपासून ओट्यासमोर उभे. लेक खिडकीपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालतेय. आणि मी त्या दोघांच्या मधून वाट काढत सारखी नळाशी जाऊन पाणी पितेय. आदल्या संध्याकाळच्या जेवणानं लागलेली तहान अजून भागत नव्हती.

संध्याकाळी मालकीणबाई जेवायला येणार होत्या. जावई त्यांच्या हॉटेलात आचारी. मध्यंतरी जावयांना मोठा ताप आला, आणि ताप गेला तो जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. लसूण करपला तरी पत्ता नाही, दूध नासलं तरी पत्ता नाही. तिखट तेवढं झोंबतं, बाकी सगळा लाकडाचा भुसा. हे घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं. मालकीणबाईंना त्यांनी ‘बरा झालो’ एवढंच कळवलं होतं, आणि रजा वाढवत वाढवत घरी सराव करत होते.

आता बाई नवं छोटं हॉटेल काढत होत्या. दुपारपुरतंच, एक शेगडी, एक मोठा पॅन, आणि सगळं जेवण त्या एकाच पॅनमध्ये. तिथं मुख्य आचारी कोण, आमचे जावई की त्यांच्याच हाताखाली शिकलेला तो लंबू, हे त्या रात्रीच्या जेवणावर ठरणार होतं. बाईंची रीतच तशी. मोठं काम द्यायचं तर त्या आचाऱ्याच्या घरी जेवून बघतात. हॉटेलात सगळेच नीट वागतात म्हणे, माणूस घरच्या ओट्यावर कळतो.

जावयांनी पदार्थ निवडला तोही हुशारीनं. चिकन आणि पास्ता, टोमॅटो, लसूण, ऑलिव्ह, वरून चीज आणि लिंबू. तिकडं परदेशात समुद्राकाठी असंच खातात म्हणाले. मला समुद्राचं काही माहीत नाही, पण आदल्या संध्याकाळी सरावाचा पॅन टेबलावर आला आणि पहिला घास तोंडात गेला, तेव्हा समुद्राची ओळख पटली. जीभ चरचरली. मी तोंड उघडणार तोच लेकीनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

“छान झालंय ना, आई?” तिनं विचारलं.

जावई माझ्याकडे असे बघत होते की मी मिठाची गुळणी धरली. तशी ती तोंडात होतीच.

सकाळी जावई लिंबं आणायला खाली गेले तेव्हा मी लेकीला गाठलं.

“बाबी, तुझ्या नवऱ्याचं मीठ किती पडतंय, कळतंय का तुला?”

“बरोबर पडतंय. मी चाखते ना रोज.”

“अगं, घशाला कोरड पडली माझ्या.”

“तू अळणी खातेस, आई. डॉक्टरांनी मीठ तोडल्यापासून तुला सगळं खारटच लागतं.”

रक्तदाबामुळे मी अळणी, वेगळं रांधलेलं खाते, आणि जावयांच्या सरावाचं आदल्या संध्याकाळीच पहिल्यांदा चाखलं, हे खरंच होतं. लेक चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांना विचारते, हे नीट दिसतंय की ते. तिची जीभ बिघडली की माझी, हे आमच्या घरात कोण सांगणार? मी दोनदा जिना उतरले, दोनदा चढले. तरी चैन पडेना. शेवटी आदल्या दिवशीचं उरलेलं एका वाटीत घेतलं आणि समोरच्या दारातल्या नर्सची बेल दाबली. रात्रपाळी करून आलेली बिचारी, डोळे चोळत आली. एक घास खाल्ला आणि धावत मोरीत जाऊन थुंकली.

“मावशी, हे माणसांसाठी केलंय की लोणच्यासाठी?”

मला आनंद व्हायला हवा होता, कारण माझी जीभ खरी ठरली. पण मी वाटी उचलली आणि तडक घरी आले.

ती वाटी मी लेकीपुढे आदळली आणि नर्सचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आधी ती चिडली, मग तिनं स्वतः एक घास घेतला, सावकाश चावला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. खारट लागलं म्हणून नाही. लागलं नाही म्हणून.

“आई, मला हे खरंच चांगलं लागतंय गं,” ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. तापातून उठल्यावर जावयांनी पहिल्यांदा काहीतरी रांधलं, त्यात मीठ थोडं जास्त होतं. पण ते बिचारे निकालाला आलेल्या पोरासारखे समोर उभे, म्हणून ही म्हणाली, मस्त. तेच त्यांचं माप ठरलं. पुढच्या वेळी हात चाचरला, कमी तर पडलं नाही ना म्हणून चिमूटभर आणखी. ही पुन्हा मस्त. असं करत करत हात वर चढत गेला आणि त्याच्या मागोमाग हिची जीभही. खोटं बोलायला लागली होती ती आता खरंच बोलत होती. माझ्या धंद्यात हे मी किती वेळा पाहिलंय! गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून कंबर सैल धरायची, आणि मग सगळा कपडाच अंगावर लोंबतो. भीड भिकेची बहीण, दुसरं काय.

“त्यांना आत्ताच्या आत्ता सांग,” मी म्हणाले.

“आज नको. आई, तुझ्या पाया पडते, आज नको. त्याचा हात थरथरायला लागेल. इतके महिने मी खोटं बोलले हे त्याला आजच कळायला हवं का? मी बघते. तो माझ्याकडेच बघणार आहे ना, मी लवकर थांबवीन त्याला.”

“कशाच्या जोरावर थांबवशील? तुझी जीभ कुठं ताळ्यावर आहे?”

तेवढ्यात जावई लिंबं घेऊन आले, आणि आम्ही दोघी अळीमिळी गुपचिळी.

नवराबायकोची खूण आधीच ठरलेली होती. लेक चाखणार. कानातलं चाचपलं तर अजून मीठ हवं, ओटा पुसला तर पुरे. बाईंना काही कळायला नको. मला मात्र कुणी काहीच काम दिलं नव्हतं. म्हातारीनं गप्प बसायचं, एवढंच.

मालकीणबाई सांगितल्या वेळेच्या बऱ्याच आधी आल्या. लेकीच्या घरात स्वयंपाकघर आणि बैठक एकच. बाईंनी खुर्ची ओढली ती थेट ओट्याला लावून. बुटक्या, जाड काचांचा चष्मा, हातात पिशवीसुद्धा नाही. मी पाणी दिलं तर म्हणाल्या, “तुम्ही बसा हो.” कशी बसणार? मी त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिले, मग फ्रीजशी गेले, मग परत भिंतीशी आले.

जावयांनी पॅन तापवला. एक सांगते, त्यांचं काम बघत राहावं असं. चिकनचे तुकडे कातडीकडून तेलात सोडले आणि कान देऊन उभे राहिले. वास येत नाही म्हणून हा माणूस कानानं स्वयंपाक करायला शिकला होता. चरचर बदलली की पालटायचं. लसणाचा आवाज बारीक झाला की लगेच टोमॅटो ओतायचा. टोमॅटो फसफसला, मग कोरडा पास्ता तसाच आत, त्यावर चिकनचं विकतचं तयार पाणी. चाळणीत गाळायची भानगड नाही. म्हणजे जे पाण्यात पडलं ते सगळं पोटात जाणार. आणि ते पाणी मुळातच खारट, त्यात पुढे ऑलिव्ह आणि चीज.

पाणी उकळायला लागलं. जावयांनी चमचाभर लेकीपुढे धरलं. तिनं चाखलं.

मी तिच्याकडे बघत होते. तिला कळेना. खरंच कळेना. डोळे भिरभिरले, माझ्याकडे आले, बाईंकडे गेले. ओटा पुसायचं फडकं हातात होतं, पण जिभेला सगळं अळणीच लागत असणार. सवयीनं हात कानातल्याकडे गेला.

जावयांनी मिठाच्या बरणीत हात घातला आणि तळहात भरून मीठ पॅनवर आणलं.

“पुरे!” मी म्हणाले.

म्हणाले कसली, ओरडलेच. मालकीणबाई खुर्चीत दचकल्या. जावयांचा हात हवेत राहिला.

“काय पुरे, आई?”

“मीठ. टाकू नका. एक कणही टाकू नका.”

त्यांनी बायकोकडे बघितलं. ती फडकं पिळत राहिली, कोरडंच फडकं.

“काल?” त्यांनी तिला विचारलं. “काल बरोबर होतं ना?”

तिनं मान हलवली. नाही.

“परवा?”

पुन्हा तेच. मग ते विचारायचे थांबले. किती मागे जायचं, याची त्यांनाच भीती वाटली असावी. मला वाटलं, मेले मी, लेकीचा संसार उसवला माझ्या हातानं. मीठ धरलेला हात त्यांनी हळूच बरणीवर नेला आणि झटकला. पॅनवर झाकण ठेवलं, आच कमी केली. मग बाईंकडे वळले.

“मॅडम, मला वास येत नाही. चवही कळत नाही. तापापासून. मी बरा झालो म्हणालो ते खोटं होतं.”

बाई खुर्चीतून उठल्या नाहीत. झाकणाखाली पास्ता बुडबुडत होता. तो शिजेपर्यंत मी आयुष्यात पहिल्यांदाच इतका वेळ एका जागी उभी राहिले. जावयांनी झाकण काढलं, ऑलिव्ह टाकले, चीज कुस्करलं, लिंबू पिळलं. कुणाकडेही न बघता चार ताटं वाढली.

बाईंनी सगळं खाल्लं. ताटातला रस्सा पावानं पुसून खाल्ला.

“शिजवलंय चांगलं,” त्या म्हणाल्या. “चिकन तर लंबूला असं जमणार नाही. पण ज्याला गॅसचा वास येत नाही त्याच्यावर एकट्यावर शेगडी सोडणार नाही मी. लंबू सोबत राहील. चव तो बघेल, तो कुणाची भीड ठेवत नाही. महिनाभर बघू, मग ठरवू. आणि पुन्हा माझ्याशी खोटं बोललात तर दारातूनच परत पाठवीन.”

जावयांनी मान डोलावली. ज्या लंबूला हातात सुरी धरायला शिकवलं त्याच्याच जिभेवर आता चालायचं. सोपं नव्हतं ते. पण नाहीही म्हणाले नाहीत. मला एकदम रडू फुटलं आणि मी ते खोकल्यात घालवलं.

बाई गेल्या. लेकीनं अजून एक घासही खाल्ला नव्हता. जावई तिच्या समोर येऊन बसले. आता भांडण होणार म्हणून मी उठायला लागले, तर म्हणाले, “बसा, आई.”

मग तिला म्हणाले, “खा.”

तिनं खाल्लं.

“कसं झालंय? खरं सांग.”

तिनं घास गिळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्याकडे बघितलं नाही, त्यांच्याकडेच बघत राहिली.

“अळणी लागतंय मला,” ती म्हणाली.

जावई उठले, ओट्यावरची मिठाची बरणी आणली, आणि तिच्या एकटीच्या ताटात चिमूटभर मीठ वाढलं.