ठिणगी नसताना

मी वेल्डिंगचा मुखवटा बोलतोय. दिसायला ओबडधोबड. काळं प्लास्टिक, डोक्याला आवळायचा पट्टा आणि डोळ्यांसमोर काळीकुट्ट काच. ठिणगी पेटली की माझ्यातून सांधा दिसतो. ठिणगी नसेल तर मला लावणारा आंधळाच. म्हणून काम थांबलं की मला वर उचलायचं असतं. एवढं एक लक्षात ठेवा.

मला विकत घेतलं शेषाद्रीने, चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका दुकानातून. तेव्हा त्याचं वय सत्तेचाळीस. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात तो एकोणीस वर्षं स्टोअरमध्ये कारकून होता. एके दिवशी ते सगळं काम कॉम्प्युटरकडे गेलं आणि हा घरी आला. अर्ज करून करून थकला. शेवटी बायकोने, तुळसीने, वेल्डिंगच्या वर्गाची जाहिरात त्याच्यापुढे ठेवली.

हे तंजावरकडचं मराठी घराणं. सगळे बँकेत, शाळेत, सरकारी कचेरीत. हातात हातोडी धरलेला माणूस यांच्यात झालाच नाही, आणि त्याचा यांना कोण अभिमान! त्यामुळे शेषाद्री रोज इस्त्रीचा शर्ट घालायचा, मला ऑफिसच्या बॅगेत कोंबायचा, पाच मिनिटं कंपनीच्या बसथांब्यावर उभा राहायचा आणि मग गुपचूप वर्गासाठी आवडीला जाणारी गाडी पकडायचा. मला भारी राग यायचा.

"मामांस सांगून सोडा," तुळसी म्हणायची. "किती दिवस लपवणार?"

"सर्टिफिकेट येऊं दे. मग सांगतों."

अनंतराव हे त्याचे मामा. त्यांनीच त्याला कारखान्यात चिकटवलं होतं.

पण हात काय होता त्याचा! वर्षानुवर्षं रजिस्टरं लिहिलेला, जराही न थरथरणारा. त्याचा सांधा त्याच्या अक्षरासारखा यायचा, सरळ आणि एकसारखा. शिकवणारा अरुण त्याच्याहून वीस वर्षांनी लहान. तोही थक्क व्हायचा. "सार, असा हात बसायला मला पाच वर्षं लागली," तो तमिळमध्ये म्हणायचा. "फक्त काम थांबलं की मुखवटा वर करत चला." कारण शेषाद्रीला मी तोंडावर असलेलाच बरा वाटायचा. माझ्याआड त्याला कोणी ओळखत नव्हतं.

वर्ग संपला आणि अरुणने त्याला आपल्याबरोबर कामाला घेतलं. पहिलंच काम तांबरमच्या एका इमारतीत, गॅलऱ्यांचे ग्रिल जोडायचं. फाटकातून आत शिरताच शेषाद्री थबकला. ही तर मामांची इमारत. मान खाली घालून तो अरुणच्या मागोमाग आत गेला.

पहिल्या मजल्याच्या उंचीवर बांधलेल्या फळीवर उभं राहून त्याने तीन सांधे जोडले, सुंदर जोडले. चौथा बघायला मला वर उचललं, तेवढ्यात शेजारच्या गॅलरीत अनंतराव टॉवेल वाळत घालायला आले. शेषाद्रीने झटकन मला खाली ओढलं. ठिणगी नव्हती. मी त्याला काहीच दाखवू शकलो नाही. तो एक पाऊल मागे सरला आणि मागे फळी संपली होती.

सगळ्यांआधी मामाच खाली धावले. त्यांनीच मला त्याच्या तोंडावरून काढलं.

"अय्यो, हा तर अमचा शेषाद्री अहे! मज कां नाही सांगितलास रे? काम करत होतास, चोरी नव्हतास करत!" म्हातारा तिथेच मातीत बसून रडला.

मनगटाचं हाड जुळलं, पण उजवी मूठ आता वळत नाही. पेनही धरवत नाही. अरुण दोनदा येऊन गेला, पुन्हा आला नाही. नातेवाइकांना सगळं कळलं, आणि कोणी हसलं नाही. मामा तर येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून ते तीन सांधे दाखवतात.

शेषाद्री मात्र दुपारी दार लावून घेतो, डाव्या हाताने मला तोंडावर ओढतो आणि खुर्चीत बसून राहतो. मी आतून ओला होतो. अरे बाबा, मी तुझे डोळे जाळापासून वाचवायला आलो होतो, तुला माणसांपासून लपवायला नव्हे. बाहेर तुळसी केव्हाची दार वाजवते आहे. ठिणगी विझली, शेषाद्री. आता तरी मला वर कर.