बोटाच्या पुढची जागा

बाबांच्या कॉम्प्युटरवर बाण नव्हता. बोट होतं.

पाट्या रंगवण्यात जन्म घालवलेल्या माणसाला आयती थीम थोडीच चालणार? लिनक्स घेतलं तेही एवढ्यासाठीच, की त्यात सगळं उघडं असतं. दुसऱ्याचं पुसून आपलं काढता येतं. फोल्डरचे रंग, खिडक्यांच्या कडा, घड्याळाचे आकडे, सगळं त्यांच्या हातचं. आणि माउसच्या पॉइंटरच्या जागी त्यांची उजवी तर्जनी. पत्रा कापताना तिचं टोकाचं पेर गेलं होतं. चित्रातही ते नव्हतं.

ते गेले आणि दुकान दादाकडे आलं. त्याचा एक क्लिक धड लागेना. बटणावर बोट ठेवावं, तर वरचंच काहीतरी उघडायचं. शेवटी त्याने मला बोलावून घेतलं.

"तुला यातलं कळतं. सगळं काढून टाक, मुळात येतं तसं करून दे. गिऱ्हाइकासमोर मी काय गेलेल्या माणसाचं बोट धरून बसू?"

बोलून गेल्यावर तो उगाच समोरचे कागद आवरू लागला.

मागच्या खोलीत टर्पेंटाइनचा वास अजून होता. मी माउस हलवला की बोट हलायचं, थांबले की थांबायचं. किंचित डावीकडे वाकलेलं, थोटं. माझ्या हाताने ते हलत होतं, हे मला स्वतःला दोनदा सांगावं लागलं. बाबांचं हलतं असं एवढंच उरलं होतं, आणि ते पुसायचं मी होतं.

आधी पॉइंटरची फाइल उघडून पाहिली. पॉइंटरचं अख्खं चित्र कुठे टेकत नाही; त्यातला एक ठरवून दिलेला बिंदू टेकतो, क्लिक तिथेच लागतो. इथे तो बिंदू बोटावर नव्हताच. थोट्या टोकाच्या पुढे, कोऱ्या जागेत होता. म्हातारपणी हिशेब चुकला असेल, असं दारात उभा असलेला दादा म्हणाला. मलाही तसंच वाटलं.

आई दुकानाच्या किल्ल्या मागायला आली होती. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत उभीच राहिली.

"सरक जरा," म्हणाली.

तिने जन्मात माउस धरला नव्हता. हळूहळू बोट वर नेलं, फोल्डरच्या जरा अलीकडे थांबवलं आणि दाबलं. फोल्डर उघडला. मग दुसरा. तिसरा. एकही चुकला नाही.

"आई, तुला कसं कळतं गं?" दादाने विचारलं.

"बोट इथपर्यंत होतं त्यांचं." तिने पडद्यावरच्या कोऱ्या जागेला नख लावलं. "पेर गेल्यावरही ते इथूनच दाखवायचे. तो डबा दे म्हणायचे, आणि हात एवढा मागे. पहिलं वर्षभर मी चुकीचं उचललं. मग नाही चुकले."

दादाने एकदा पडद्यावरच्या बोटाकडे पाहिलं. मग "राहू दे, शिकेन मी," एवढंच म्हणाला आणि किल्ल्या शोधायला बाहेर गेला.

मी फाइल बंद केली. आईने माउस सोडला नव्हता. आता ती काही उघडत नव्हती, नुसतं बोट फिरवत होती. पडद्याच्या वरच्या कडेशी ते दर वेळी पेरभर अलीकडेच अडायचं. त्याच्यापुढची जागा कडेला टेकलेली असायची.