क्लिपांचे दोन भरलेले डबे

व्हॅनच्या मागच्या फळीवर क्लिपांचे दोन डबे होते, दोन्ही न फोडलेले. मी एक उचलून पाहिला. गच्च भरलेला. दुसराही उचलून पाहिला, तोही तसाच.

आमच्या धंद्यात मोठा भाऊ सेर्वे भिंतीवर असतो आणि मी जमिनीवर. पत्रे कापणं, दुमडणं, माल मागवणं आणि गिऱ्हाइकाशी भांडणं ही खाती माझी. बालवाडीच्या पश्चिमेच्या भिंतीसाठी मागवलेले जस्ताचे पत्रे, शंकरपाळ्याच्या आकाराचे, सगळे लागून संपले होते. मग क्लिपा कशा उरल्या? प्रत्येक पत्रा खालच्या पत्र्यांत अडकतो आणि त्याची वरची कड क्लिप घालून मागच्या फळ्यांना ठोकायची असते. पुढची ओळ चढली की क्लिप झाकली जाते. ती असली काय नि नसली काय, भिंत तेवढीच देखणी दिसते.

आमच्या डोंगरात पाऊस-वारा पश्चिमेकडूनच झोडपतो, म्हणून तर त्या बाजूला पत्रा. रेडिओवर सकाळपासून संध्याकाळच्या वादळाचा इशारा चालला होता. परांची काढायला माणसं दुपारीच येणार होती. आणि त्या भिंतीच्या बरोबर खाली बालवाडीचं दार. सकाळी आया तिथेच पोरांच्या टोप्या सरळ करत उभ्या राहतात. एक सुटलेला पत्रा वरून आला तर काय होईल, याचा विचारसुद्धा मला करवेना.

चूक माझीच असू दे, असं मी मनात घोकत होते. जास्त मागवल्या असतील. पण मी जास्त मागवत नाही, मी कंजूष आहे, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे.

खरं सांगायचं तर मला उन्हाळ्यापासून कळत होतं. ज्या गोदामात सेर्वे तरुणपणापासून जातोय, तिथला रस्ता त्यानं मला फोन करून विचारला होता. आमचा कारागीर नुन्झिओ, त्याला दोनदा आमच्या वडिलांच्या नावानं हाक मारली. वडील जाऊन जमाना झाला. मी म्हणायची, दमलाय बिचारा. एकदा डॉक्टरचं नाव काढलं, तर म्हणाला, "तूच जा, ओडील. तुझ्या जिभेवर काही औषध निघालंय का विचार." मी हसले आणि विषय तिथेच राहिला. त्या हसण्याचा मला आता राग येतो.

मी परांचीवर चढले. नुन्झिओ माथ्याशी नव्या पत्र्यांवरची प्लास्टिकची फिल्म सोलत होता. मी खालच्या ओळीपासून एकेका पत्र्यावर तळवा दाबत गेले. ठोकलेला पत्रा गुमान राहतो. मधल्या उंचीवर आले आणि हाताखाली पत्रा पडायला आलेल्या दातासारखा हलला. त्याच्या शेजारचाही. त्याच्या वरचाही.

नुन्झिओ माझ्याकडे बघत होता. तो खाली उतरून आला, त्यानंही हात लावून पाहिला.

"ताई, मी तेव्हा पलीकडे खिडक्यांच्या कडा करत होतो," तो हळूच म्हणाला.

"माहितीये रे."

"ऐका माझं. सेर्वे मिस्त्री यायच्या आत समोरूनच स्क्रू मारून टाकू. खालून कोण बघतंय?"

मोह झाला, नाही कशाला म्हणू? पण जस्त उन्हात पसरतं, थंडीत आखडतं. समोरून जखडलं की भोकापाशी फाटतं आणि पाणी आत शिरतं. शिवाय सेर्वेला ते स्क्रू रस्त्यावरूनच दिसले असते. भावाची नजर अजून शाबूत होती.

तेवढ्यात तो आलाच, हातात भाताच्या तार्तचं, आमच्याकडच्या त्या गोड पक्वान्नाचं, खोकं घेऊन. काम संपलं की तार्त आणायची ही त्याची पद्धत.

"काय, भिंतीची मालिश चाललीये का?" तो खालून ओरडला.

"दादा, वर ये," मी म्हटलं. "मधले पत्रे हलतायत. क्लिपा नाहीयेत त्यांना."

तो चढून आला. तळवा टेकवला. चेहरा उतरला, पण क्षणभरच. "वरून उघडा," तो म्हणाला. दुसरा इलाजच नव्हता. एकात एक अडकलेले पत्रे मधूनच काढता येत नाहीत, माथ्यापासून एकेक ओळ सोडवत यावं लागतं. मी परांचीवाल्यांना फोन करून चार वाजेपर्यंत थांबवलं. बालवाडीच्या बाईंना सांगून पोरांना मागच्या दारानं सोडायची सोय केली. वारा आताच सुटायला लागला होता.

सेर्वेचे हात मात्र बघत राहावेत असे चालत होते. गारठ्यात जस्त चिडकं होतं, दुमड उलगडताना तडकतं. तो प्रत्येक घडी आधी गरम हवेनं शेकून सोडवायचा. एकही पत्रा वाया गेला नाही. मला वाटलं, जो माणूस हे करतो त्याला काय धाड भरलीये? सगळं माझ्याच डोक्यात असेल.

मग आम्ही त्या ओळींपर्यंत पोचलो. मागच्या फळ्या कोऱ्या. ना क्लिप, ना खिळ्याचं भोक. एका ओळीखाली दुसरी, तिच्याखाली तिसरी.

सेर्वे लालबुंद झाला. "हे कोणाचं काम?"

त्यानं कोऱ्या फळीवर मूठ आपटली.

"खाली पोरं असतात! कोणी केलं हे? नुन्झिओ?"

नुन्झिओनं माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली नाही, हलवायला हवी होती. "हो मिस्त्री," तो म्हणाला, "माझंच."

"आत्ताच्या आत्ता खाली उतर. उद्यापासून तोंड दाखवू नकोस. असल्या माणसानं उंचावर पाय ठेवायचा नाही. माझ्या भिंतीवर तर नाहीच नाही."

नुन्झिओ निमूट पट्टा सोडायला लागला. मनात आलं, जाऊ दे त्याला, संध्याकाळी गुपचूप परत बोलावू, दादाला कळायचंही नाही. मग उद्या दादा पुन्हा वर चढेल. परवाही.

"दादा, नुन्झिओ खिडक्यांवर होता," मी म्हटलं. "ही भिंत तू केलीस. एकट्यानं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता माझ्यावर उखडेल. उखडला असता तर बरं झालं असतं. त्यानं उघड्या फळ्यांवर हात फिरवला, निळ्या दोरीनं आखलेल्या रेघांवरून. रेघा त्याच्याच होत्या, नाकासमोर सरळ.

"मला आठवत नाहीये, ओडील," तो म्हणाला. "लावलेल्याही आठवत नाहीत नि न लावलेल्याही."

मला रडू फुटलं. रडणं मला जमत नाही, शिंकल्यासारखं होतं. नुन्झिओनं पट्टा परत आवळला आणि पहिला डबा फोडला.

आम्ही तिघांनी भिंत पुन्हा चढवली. सेर्वे पत्रा अडकवायचा, नुन्झिओ क्लिप ठोकायचा, मी पत्रे पुरवायची. दर पत्र्याला सेर्वे विचारायचा, "लावली?" आणि नुन्झिओ म्हणायचा, "लावली, मिस्त्री." माथ्यापर्यंत हेच चाललं.

परांचीवाले खाली येऊन हॉर्न वाजवायला लागले तेव्हा सेर्वेनं कमरेचा पट्टा हातोडीसकट काढला आणि नुन्झिओच्या खांद्यावर टाकला. "मी बोललोय ते बोललोय," तो म्हणाला. "असल्या माणसानं वर पाय ठेवायचा नाही."

शिडी उतरताना मी त्याच्या खाली होते, त्याच्या बुटांकडे बघत.

"ओडील, नुन्झिओला उद्या ये म्हणून सांगितलंस ना? मी जरा जास्तच बोललो त्याला."

"सांगितलं, दादा."

जमिनीवर पाय टेकताच त्यानं माझा दंड धरला. चेहऱ्यावर काळजी होती.

"ओडील, नुन्झिओला उद्या ये म्हणून सांगितलंस ना?"

"सांगितलं," मी म्हटलं.